क्योतोचा रिसेप्टर, परळची मात्रा



कोतोतल्या अरियाकेची ही जमीन समुद्रात भराव घालून केलेली आहे. मुंबईकरांना त्याचं अप्रूप नसावं. जपानी कर्करोग संशोधन प्रतिष्ठानचं रुग्णालय २००५पासून इथंच आहे, आणि प्रतिष्ठान १९०८चं. तेव्हा पेशीच्या पृष्ठभागावरचे रिसेप्टर आणि त्यांना आवरणारी प्रथिनं या विषयाला जागा साजेशी मिळाली.

१९९२ साली क्योतो विद्यापीठात तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत यासुमासा इशिदा पेशी मरतात कशा, याचं जनुक शोधत होते. हाती लागलं पीडी-१. त्याचं काम उमगायला १९९९ उजाडलं. हे जनुक काढलेल्या उंदरांची प्रतिकारशक्ती त्यांच्याच शरीरावर उलटली, तेव्हा कळलं की हा ब्रेक आहे. पीडी-एल१ हे प्रथिन प्रतिकारशक्तीच्या टी पेशीवरच्या पीडी-१ या रिसेप्टरला चिकटलं, की आत एसएचपी-२ नावाचं विकर ओढलं जातं. ते शेजारच्या प्रथिनांवरचे फॉस्फेट काढून टाकतं आणि हल्ल्याचा निरोप तिथेच विरतो. कित्येक कर्कपेशी नेमकं हेच पीडी-एल१ अंगावर बाळगून असतात. निवोलुमॅब हे औषध पीडी-१ची जागा आधीच अडवतं. जुलै २०१४मध्ये जपाननं त्याला मंजुरी दिली, २०१८मध्ये होंजो यांना जेम्स ॲलिसन यांच्यासह नोबेल मिळालं.

इथवरची गोष्ट क्योतोची. पुढची परळची.

आपल्याकडच्या रुग्णांना हे औषध परवडेना. पण किलोमागे ०.३ मिलिग्रॅम एवढ्या अल्प मात्रेतही रक्तातल्या टी पेशींवरचे सरासरी ७० टक्क्यांहून अधिक पीडी-१ दोन महिने अडलेले राहतात, हे २०१०मध्येच छापून आलं होतं. मात्रा वाढवून त्यात विशेष फरक पडत नव्हता. त्याच आधारावर परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांची चाचणी केली. तोंडानं घ्यायच्या तीन स्वस्त औषधांच्या जोडीला निम्म्या रुग्णांना दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅब दिलं, फक्त २० मिलिग्रॅम. एरवीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४०. वर्षाअखेर हयात राहिलेल्यांचं प्रमाण १६.३वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. पूर्ण मात्रेशी ही तुलना नव्हती, हे मान्य. तरी तंबाखू-मिश्रीच्या आपल्या मुलखात याहून मोलाचं काम मला अलीकडे दिसलेलं नाही.

दुपारी फुकागावा-मेशी, म्हणजे शिंपल्यांचा भात आहे. कोकणवाल्यांनी तिसऱ्यांशी तुलना जरूर करावी, पण कुजबुजत. शाकाहारी मंडळींना मसालेभात.

एकच विनंती. उद्याच्या खुल्या सत्रात जपानी पाहुण्यांना आडपडदा न ठेवता विचारा: औषध रिसेप्टर भरण्यापुरतं द्यायचं, की वेष्टनावर छापलंय तेवढं? पूर्ण मात्रा आणि अल्प मात्रा समोरासमोर ठेवणारी चाचणी दोन्ही देशांनी मिळून हाती घ्यावी, एवढं ठरवूनच इथून निघा.