चालक नाही, पण माणूस आहे



भोर किंवा वेल्ह्याहून एसटीने स्वारगेटला उतरलं, की २९ सप्टेंबर २०२४ पासून तिथेच मेट्रो मिळते. या मेट्रोत चालक असतो. लंडनच्या डॉकलँड्स लाइट रेल्वेत मात्र १९८७ पासून चालक नाही. पुढच्या काचेपाशी प्रवासीच बसतात. दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा लाइनवर २८ डिसेंबर २०२० पासून अशी गाडी धावते.

मग चालवतं कोण? वेग आणि दोन गाड्यांमधलं अंतर संगणक सांभाळतो, नियंत्रण कक्षातली माणसं लक्ष ठेवतात. गर्दी वाढली, तर जादा गाडीसाठी चालक शोधावा लागत नाही. लंडनच्या गाडीत एक कर्मचारी असतोच. तो दारं बंद करतो, तिकीट तपासतो, वाट सांगतो, अडचण आली तर गाडी स्वतः चालवतो.

माझ्या अम्मीचे गुडघे दुखतात. गाडी कोण चालवतं, याच्याशी तिला देणंघेणं नाही. लिफ्ट चालू आहे का, दार पुरेसा वेळ उघडं राहतं का, चुकलं तर विचारायचं कोणाला, एवढंच ती बघते. आम्ही सॉफ्टवेअरवाले नेमकं हेच विसरतो.

आणि मेट्रो मिनिटांत आली, पण स्वारगेटला वेल्ह्याची एसटी तासाने असली, तर वाचलेला वेळ फलाटावरच जातो. तुमच्यातले जे इंजिनियर होतील, त्यांनी सिग्नलची यंत्रणा जरूर शिकावी. बाकीच्यांनी एसटीच्या वेळापत्रकासाठी अर्ज लिहावा. दोन्ही कामं सारखीच मोलाची आहेत.