वाचलेले पाणी कुणाचे?

(बिद्री येथील व्याख्यान)



बिद्रीच्या सहकारी साखर कारखान्याने दूधगंगा आणि वेदगंगा या दोन नद्यांचे नाव धारण केले आहे. पाणी आणि ऊस यांचे नाते त्यातूनच स्पष्ट होते. भाताचे नाते मात्र पावसाशी आहे. रोप लावणीच्या वेळी पाऊस लांबला किंवा लोंबीत दाणा भरताना त्याने पाठ फिरवली, की भाताला पाटाचे पाणी हवे असते. ते वेळेवर न पोहोचल्यास दाणा पोचट राहतो.

एक हेक्टर शेतात एक सेंटिमीटर पाणी म्हणजे १ लाख लिटर. खाचरात सदैव पाच सेंटिमीटर पाणी उभे असलेच पाहिजे, हा समज फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने खोटा ठरविला आहे. खाचरात छिद्रांची नळी रोवावी. पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर उतरले की पुन्हा द्यावे. फुलोऱ्यात मात्र खाचर कोरडे पडू देऊ नये. एवढ्याने ३० टक्क्यांपर्यंत पाणी वाचू शकते. चारीतील तण काढले, खेकड्यांची बिळे बुजविली, मोडकी दारे बसविली, तर आणखी वाचेल.

परंतु वाचलेले पाणी कुणाचे? जेथे पाणीपट्टी पीक व क्षेत्र पाहून आकारली जाते, तेथे मुखाजवळच्या शेतकऱ्याने पाणी वाचविले काय आणि वाया घालविले काय, बिल तेवढेच. शिवाय वाचलेल्या पाण्यावर कुणाचा हक्क ठरलेला नसेल, तर ते वरच्या अंगाच्या नव्या उसात जिरते. चारी सुधारते, शेपटाकडील भात कोरडाच राहतो.

२००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थेला पाणी मोजून देण्याचे तत्त्व स्वीकारले. मात्र संस्थेच्या दारात मोजलेले पाणी संस्थेच्या आत न्यायाने वाटले जाईलच, असे नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावात पाणी पंचायत उभी केली. तेथे वाटा एकरावर नव्हे, तर कुटुंबातील माणसांवर ठरला. भूमिहीनालाही तो मिळाला आणि ऊस वर्ज्य झाला. कोल्हापुरात तो आराखडा जसाच्या तसा लागू पडणार नाही. पण आधी वाटा, मग बचत, हा त्याचा क्रम येथेही खरा आहे.

म्हणून प्रत्येक आवर्तनात चारीच्या मुखाशी आणि शेपटाशी पाणी मोजले जावे, ते आकडे संस्थेच्या सभेत जाहीर वाचले जावेत आणि बचतीवर पहिला हक्क शेपटाच्या भाताचा असावा. कार्यकर्त्यांनी हा आग्रह धरला, तरच पाण्याची काटकसर समतेच्या कामी येईल.