होडीचे पेट्रोल



कवी माणसाने पेट्रोलवर बोलावे, हे ऐकून आपल्याला हसू येईल. पण माझे घर दाभोळच्या खाडीकाठी आहे आणि मी हौसेने एक छोटी फायबरची होडी बाळगली आहे. मासेमारीसाठी नव्हे, संध्याकाळी पाण्यावर फेरी मारण्यासाठी. तिच्या मागे पेट्रोलवर चालणारे दहा अश्वशक्तीचे इंजिन टांगलेले असते.

२०२५ च्या मे महिन्यात होडी वर ओढली, तेव्हा टाकी अर्धी भरलेली होती. पंपावरचे सर्वांत महाग पेट्रोल होते ते. महागाचे आहे, टिकेल, असे म्हणून मी टाकी तशीच पडवीत ठेवून दिली. झाकणावरची हवेची चावी उघडी राहिली आणि वर कौल गळत होते, याकडे माझे लक्ष गेले नाही.

ऑक्टोबरात भाचा मुंबईहून आपल्या दोन मुलांना घेऊन आला. "मामू, अंजनवेलपर्यंत जाऊन येऊ या," म्हणाला. निघालो. गोपाळगड दिसू लागला आणि इंजिन खोकू लागले. मग बंदच पडले. ओहोटी लागली होती. पाणी आम्हांला खाडीच्या मुखाकडे, म्हणजे उघड्या समुद्राकडे ओढत होते. मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट होते, एवढाच धीर. नांगर टाकला, तो सुदैवाने रुतला. तासाभराने एका मच्छीमार होडीने आम्हांला दोर टाकून ओढत आणले. तो तासभर धाकटी मुलगी माझा हात घट्ट धरून बसली होती. तो हात मला अजून जाणवतो.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने टाकीच्या तळाचे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढले. बाटलीत दोन थर होते. "चाचा, खालचं बघा. हे पेट्रोल नाही," तो म्हणाला.

हे कसे होते, ते समजून घेण्यासारखे आहे. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. हे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर गेले, २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. इथेनॉल हा मद्यार्क आहे आणि त्याला पाण्याची भारी ओढ. १० टक्के मिश्रणात लिटरमागे साधारण चमचाभर पाणी जिरून जाते. त्याहून जास्त झाले की इथेनॉल पेट्रोलची संगत सोडते आणि पाण्याबरोबर तळाला जाऊन बसते. २० टक्के मिश्रणात पाणी थोडे अधिक मावते, पण मग खाली बसणारा थरही मोठा असतो. इंजिनाची नळी नेमकी तळातूनच ओढते. मोटारीची टाकी बंदिस्त असते आणि आठवड्याला रिकामी होते. होडीचे पेट्रोल मात्र महिनोन्‌महिने दमट हवेत पडून राहते.

तेव्हा पहिली गोष्ट, इंजिनाची पुस्तिका वाचा. अशा अनेक इंजिनांना १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालते. आपले इंजिन तसे असेल, तर पंपावर प्रमाण विचारा आणि जाणकाराकडून रबरी नळ्या व वायसर तपासून घ्या. इथेनॉलने जुने रबर खराब होते.

दुसरी गोष्ट, ऑक्टेनच्या आकड्याला भुलू नका. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाबाखाली अवेळी पेट न घेण्याचा तो गुण आहे. पुस्तिकेत सांगितलेला आकडा पुरेसा. त्याहून वरचे पेट्रोल घालून वेग वाढत नाही, टिकाऊपणाही वाढत नाही. वृत्तात मात्रा वाढवल्याने कविता थोर होत नाही, हे मला इतकी वर्षे ठाऊक होते. पेट्रोलच्या बाबतीत ते उशिरा कळले.

तिसरी गोष्ट, ताजे आणि लागेल तेवढेच घ्या. पावसाळ्याआधी टाकी रिकामी करून कोरडी ठेवा आणि कार्ब्युरेटरमधलेही पेट्रोल काढा. नळीवर पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवा. थर सुटलेले पेट्रोल वरवरचे ओतून वापरू नका, त्याचा ऑक्टेनही उतरलेला असतो. आणि ते खाडीत तर मुळीच ओतू नका.

इंजिन टू-स्ट्रोक असेल, तर त्यात स्कूटरचे तेल घालू नका. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांचे तेल वेगळे असते, डब्यावर टीसी-डब्ल्यू३ असे लिहिलेले. ५० ला १ हे प्रमाण सांगितले असेल, तर लिटरला २० मिलिलिटर. हे अंदाजाने न घालता मापाने घाला.

शेवटचे, सुटी टाकी होडीत भरू नका. ती खाली उतरवून जमिनीवर भरा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळात साचते आणि एक ठिणगी पुरते.

आता निघण्यापूर्वी मी टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरतो. रस्त्यावर गाडी बंद पडली तर उतरून चालता येते. पाण्यावर उतरायचे कुठे? भाचा पुन्हा आला, तेव्हा त्याच्या धाकटीने ती बाटली माझ्या हातातून घेतली, निरखून पाहिली आणि म्हणाली, "एकच रंग आहे. चला."

मग आम्ही निघालो.