गंज काढताना सावधगिरी
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



पावसाळा सरला की विळी, अडकित्ता, सुरी यांवर गंज दिसू लागतो. मग पुष्कळजणी मोरी धुण्याच्या ॲसिडची बाटली उचलतात. तसे करू नये. ते तीव्र ॲसिड गंजाबरोबर चांगले पोलादही खाते. शिवाय ब्लीचिंग पावडरीत मिसळले गेले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

गंजाला सौम्य आम्ल पुरते. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ते शेकडा 4 ते 5 असते. सुरीचे पाते काचेच्या भांड्यात व्हिनेगर घेऊन रात्रभर बुडवावे. लाकडी मूठ बाहेर ठेवावी. विळीच्या पात्याला व्हिनेगरने भिजवलेले फडके गुंडाळावे. सकाळी काथ्याने घासावे. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने उरलेले आम्ल मारून, धुऊन, लगेच कोरडे पुसावे व गोड्या तेलाचा हात फिरवावा. पाते ओले राहिले तर पाहता पाहता पुन्हा तांबूस होते.

ॲसिड मोरीसाठी ठेवणे भागच असेल तर ते सरबताच्या बाटलीत कधीही ओतू नये. मुलांचा हात पोचणार नाही असे ठेवावे. डोळ्यात उडाल्यास निदान 20 मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा व तडक दवाखाना गाठावा. विळी नवी आणता येते, डोळा आणता येत नाही.