'वाचल्याशिवाय सही करू नका' असं आपण म्हणतो तेव्हा

(शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांच्या एकत्र बैठकीत, केडगाव इथे केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)



मला विषय दिलाय तो कामाच्या ठिकाणच्या डिस्लेक्सियाचा. सकाळी आपल्यातल्याच एकीने मला विचारलं, "ताई, हे शहरातल्या इंग्रजी शाळांतल्या पोरांचं ना? 'तारे जमीन पर'मधलं?" तिला नावं ठेवायला मला तोंड नाही. 2007 साली तो सिनेमा आला तेव्हा मीही रडले आणि घरी येऊन विसरून गेले. आपल्या तालुक्यांशी त्याचा काही संबंध असेल हे डोक्यातही आलं नाही. म्हणून आधी माझी चूक सांगते.

काही वर्षांपूर्वी आमच्या सल्ला केंद्रावर एक बाई आली. नाव सांगत नाही, गावही नाही. एका कारखान्यात कंत्राटी कामगार, पस्तिशीची, नववीपर्यंत शिकलेली. सात वर्षं पॅकिंगला होती. हात इतका बसलेला, की नव्या मुलींना शिकायला तिच्याच शेजारी उभं करत. मग तिला बढती मिळाली म्हणा. पगार तोच, पण तपासणीचा तक्ता भरायचं काम अंगावर आलं. बॅच नंबर, वेळ, नग, शेरा. तिथून सगळं बिघडलं. 69 चे 96 व्हायचे. वरच्या रांगेतला आकडा खालच्या रांगेत पडायचा. सुपरवायझर तो तक्ता सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवायचा. दोन मेमो मिळाले, ते तिने घरी नेऊन गादीखाली ठेवले. तिसऱ्या वेळी ऑफिसात बोलावून एका कागदावर सही घेतली. तो कागद होता राजीनाम्याचा. 'स्वखुशीने' काम सोडत असल्याचा.

हे ऐकून मी तिला पहिलं काय विचारलं असेल? "अगं, वाचल्याशिवाय सही केलीसच कशी? तू तर नववी शिकलेली!" आणि मग माझं नेहमीचं पुराण सुरू. वाचल्याशिवाय सही करू नका, हे आपण प्रत्येक शिबिरात सांगतो, भिंतीवर लावतो. ती ऐकत बसली, मग उठली आणि गेली. दोन महिने फिरकली नाही.

परत आली ती मुलामुळे. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत. तोंडी हिशेब फटाफट करणारा, पण पुस्तक समोर आलं की घाम फुटणारा. शाळेत येणाऱ्या विशेष शिक्षिकेने आईला बोलावून समजावलं, की हा आळशी नाही, मंदही नाही, याला डिस्लेक्सिया असावा. शिक्षिका लक्षणं सांगत गेली आणि ही बाई खुर्चीत रडायला लागली. मला म्हणाली, "ताई, ती पोराचं सांगत होती, पण ते सगळं माझंच होतं. मला वाचता येतं. पण शब्द लावेपर्यंत ओळ निसटते. त्या दिवशी ऑफिसात चार माणसं उभी होती, म्हणत होती, कर लवकर. मी कागद वाचल्यासारखं केलं."

वाचल्यासारखं केलं. हे वाक्य मी विसरू शकत नाही. आयुष्यभर ती हेच करत आली होती. बँकेत चष्मा विसरल्याचं सांगायची, मुलाच्या शाळेत हात भरलेत म्हणायची, बचत गटाचं सचिवपद नको म्हणून भांडण काढून गट सोडला होता.

आता डिस्लेक्सिया म्हणजे काय ते थोडक्यात. डोळे चांगले असतात, बुद्धीही चांगली असते. लिहिलेलं चिन्ह आणि तोंडातला आवाज यांची सांगड मेंदूत सहज आणि झटपट बसत नाही. हे जन्मापासून असतं, बरेचदा घराण्यात चालत येतं आणि मोठेपणी आपोआप जात नाही. लवकर लक्षात आलं तर वेगळ्या पद्धतीने शिकवून वाचन पुष्कळ सुधारतं. आपली देवनागरी काही बाबतींत सोपी, जसं लिहितो तसं बोलतो. पण या माणसांच्या बाजूने पाहा. 'कि' म्हणताना आधी क येतो आणि लिहिताना वेलांटी आधी. 'धर्म'मधला र बोलायचा म च्या आधी आणि लिहायचा त्याच्या डोक्यावर. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य. वर जोडाक्षरं.

1896 साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्रज डॉक्टराने अशा एका चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत छापली. त्या मुलाचे मास्तर म्हणत, की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेत सगळ्यांत हुशार ठरला असता. म्हणजे सव्वाशे वर्षं हे माहीत आहे. पण माहीत आहे ते मुलग्यांचं. 1990 साली अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात संशोधकांनी स्वतः सरसकट मुलामुलींची तपासणी केली, तेव्हा वाचनाची अडचण दोघांत जवळपास सारखीच निघाली. शाळांच्या यादीत मात्र मुलगे कितीतरी जास्त. का? मुलगा वर्गात दंगा करतो, तो दिसतो. मुलगी मान खाली घालून बसते. आणि आपल्याकडे तर ती नापास झाली की लग्न. मुलगा नापास झाला की शिकवणी. आपल्या दोन तालुक्यांत अशा किती मुली 'डोकं नाही' म्हणून खुरपायला गेल्या असतील, त्याची नोंद कुठल्या वहीत मिळणार?

बरं, पूर्वी अशा बाईला निदान हातकामात जागा होती. आता कामच कागदाचं झालंय. कारखान्यात तक्ता, आशाताईंना रजिस्टरं, अंगणवाडीत मोबाईल. 2021 साली राज्यभरातल्या अंगणवाडी ताईंनी सरकारचे मोबाईल परत केले, ते तुम्हाला आठवत असेल. पोषण ट्रॅकर इंग्रजीत, ही त्यातली मोठी तक्रार होती. लढा बरोबरच होता. पण तेव्हाही आपण हे विचारलं नाही, की मराठीत आलं तरी ज्या ताईला ते वाचताना धाप लागते तिचं काय?

कायदा काय म्हणतो? 1995च्या अपंग कायद्यात हे धरलेलंच नव्हतं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आले, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. आरक्षणासाठी 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. पण कामात वाजवी सोय करून देण्याची मागणी त्या 40 टक्क्यांवर अडत नाही. 2021च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार खटल्यात हे स्पष्ट केलं. तो खटला परीक्षेत लेखनिक मिळण्याचा होता, पण तत्त्व आपल्या उपयोगाचं. खासगी मालकानेही समान संधीचं धोरण जाहीर करायचं असतं. आपल्या भागातल्या किती कारखान्यांच्या फलकावर ते लावलंय, हे प्रत्येकीने जाऊन पाहावं. दाद मागायला दिव्यांग आयुक्तालय पुण्यातच आहे. प्रमाणपत्राचं मात्र खोटं आश्वासन देणार नाही. चाचण्या मुख्यतः शाळकरी मुलांसाठी बेतलेल्या आहेत. आमच्या बाईकडे आजही ते नाही.

आणखी एक कलम, आपल्या रोजच्या कामातलं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या 2013च्या कायद्यात तक्रार लेखी हवी आणि तीही तीन महिन्यांत. आपण हेच सांगतो आणि थांबतो. त्याच कलम 9 मध्ये पुढे लिहिलंय, की बाईला लेखी देता येत नसेल तर समितीने तिला ती लिहून काढायला सर्वतोपरी मदत करायची. ही समितीची जबाबदारी आहे, उपकार नव्हे. लिहिता येत नाही हे सांगायची लाज वाटते म्हणून किती तक्रारी तोंडातच राहिल्या असतील!

सोय म्हणजे फार मोठं काही लागत नाही. पुढे या बाईला दुसऱ्या एका ठिकाणी काम मिळालं. आमची एक कार्यकर्ती तिच्यासोबत जाऊन तिथल्या मॅडमशी बोलली. तिथे आता बॅच नंबर सलग न लिहिता तीन-तीन आकडे सोडून लिहितात. तक्त्याच्या रांगांना एकाआड एक रंग दिलाय आणि ओळ धरायला ती पट्टी ठेवते. सूचना आधी तोंडी, एका वेळी एकच. आकडे ती शेजारणीला म्हणून दाखवते, शेजारीण टिचकी मारते. नोटीस लागली की मॅडम तिचा फोटो आणि सोबत आवाजातला निरोप पाठवतात. खर्च एका पट्टीचा! आणि गंमत म्हणजे रंगवलेला तक्ता बाकीच्या बायकांनाही आवडला, आता सगळ्यांना तोच आहे. जुनी नोकरी मात्र गेली ती गेलीच. त्या राजीनाम्याविरुद्ध लढायचं का, असं आम्ही तिला विचारलं. ती नको म्हणाली. परत चार माणसांसमोर कागद धरायची तिची तयारी नव्हती. त्या पहिल्या दिवशी मी वेगळा प्रश्न विचारला असता तर ती कदाचित लढली असती. ते ओझं माझ्याकडे आहे.

आपण केडगावात बसलोय म्हणून एक आठवण. 1896-97च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि बायका आणल्या. त्यांच्या इथल्या मुक्ति सदनात शेती होती, विणकाम होतं आणि बायका खिळे जुळवत असा छापखानाही होता. अंध स्त्रियांना बोटांनी वाचायला ब्रेल शिकवलं जाई. म्हणजे वाचायची एकच रीत नाही, हे या गावाने शंभर वर्षांपूर्वी पाहिलंय. त्या छापखान्यातल्या कुणाला अक्षरं छळत होती का, ते कळायला मार्ग नाही. खिळ्यावरचं अक्षर तर मुळातच उलटं असतं.

आता आपल्या घरचं. संघटनेच्या बैठकीत आपण पत्रक फिरवतो आणि म्हणतो, "एकेकीने एकेक परिच्छेद वाचा." सगळ्यांना बोलतं करायला ही पद्धत आपण आणली. त्याच वेळी कुणीतरी पाणी प्यायला उठते, कुणाचं पोर नेमकं रडतं. मी आमच्याकडे ते बंद केलंय. ज्यांना आवडतं त्या वाचतात. सही करण्याआधी 'वाचा' असं म्हणायच्या ऐवजी आम्ही म्हणतो, "कुणाकडून तरी वाचून घ्या, कागद घरी न्यायला मागा, आणि घाई करणाऱ्यासमोर सही करू नका." भिंतीवरचा फलकही बदलायचाय, अजून झालेला नाही.

चहाची वेळ झालीय. दाराशी हजेरीची वही ठेवली आहे. ज्यांना लिहायचं नसेल त्यांनी नुसतं नाव-गाव सांगा, मी लिहून घेते. आणि कुणाला एकटीने बोलायचं असेल तर मी मागच्या ओट्यावर बसले आहे.