पोलीस आणि आपण : कागदाची ताकद
(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त पांढरकवडा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने दिलेला विषय कडू आहे. पण आज घरची बायामाणसं, म्हातारी आणि कॉलेजची पोरं एकत्र बसली आहेत, तेव्हा तो इथंच बोललेला बरा.

११ जुलै १९९७. मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सकाळी दिसला. लोक महामार्गावर उतरले. राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली आणि तिने गोळ्या झाडल्या. दहा माणसं गेली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता म्हणून गोळीबार करावा लागला, असे पोलिसांचे म्हणणे होते. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने ते मानले नाही. हा गोळीबार समर्थनीय नव्हता, असाच निष्कर्ष दिला. तुकडीचा अधिकारी मनोहर कदम याला २००९ साली सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली. पुढे हायकोर्टातून त्याला जामीन मिळाला.

बारा वर्षे लागली! तरी टँकरची गोष्ट खोटी पाडली कोणी? वस्तीतल्या साध्या माणसांनी. ती आयोगापुढे उभी राहिली आणि डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं.

आता परभणी पहा. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. आंदोलनानंतर धरपकड झाली. त्यात वकिलीचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी होता. १५ डिसेंबरला तो न्यायालयीन कोठडीत मरण पावला. सरकारकडून आजाराचे कारण सांगितले गेले. शवविच्छेदनाच्या अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याची नोंद होती. त्याची आई हायकोर्टात गेली, बाळासाहेब आंबेडकरांनी बाजू मांडली, आणि जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवण्याचा आदेश झाला. सुप्रीम कोर्टानेही त्याच महिन्यात तो कायम ठेवला. डॉक्टरचा तो कागद नसता तर काय झालं असतं, याचा विचार करा.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. पोलिसाच्या काठीपुढे आपली काठी टिकत नाही, पण कागद टिकतो. आणि तो पहिल्या चोवीस तासांत तयार व्हावा लागतो.

बाबासाहेबांनी दिलेल्या संविधानाचे कलम २२ लक्षात ठेवा. अटकेचे कारण सांगितलेच पाहिजे, वकील भेटला पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभे केले पाहिजे. १९९६ साली डी. के. बसू खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितले की अटकेचा पंचनामा करावा, त्यावर वेळ लिहावी, घरच्याची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्यावी, आणि नातेवाईकाला कळवावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही अटक झालेल्याची वैद्यकीय तपासणी सक्तीची आहे.

आई-बहिणींनो, सूर्य मावळल्यावर बाईला अटक करता येत नाही. अपवाद असलाच तर मॅजिस्ट्रेटची परवानगी आणि महिला अधिकारी पाहिजे. साक्ष घ्यायची म्हणून बाईला, पंधरा वर्षांखालच्या पोराला किंवा साठीच्या वरच्या माणसाला ठाण्यात बोलावता येत नाही. जबाब घरी येऊन घ्यावा लागतो.

मारहाण झाली असेल तर डॉक्टरला प्रत्येक वळ दाखवा, नोंदवायला लावा. मॅजिस्ट्रेटने "काही तक्रार आहे का?" विचारले की भिऊन मान हलवू नका, बोला. ठाणेदार तक्रार घेत नसेल तर ती पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोचपावती जपून ठेवा. तरीही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जा. वकिलाला पैसे नाहीत म्हणून बसून राहू नका. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, स्त्रीला आणि कोठडीतल्या कोणालाही सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा.

मित्रांनो, आपल्या गावाजवळून नागपूर-हैदराबाद रस्ता जातो. रास्ता रोको करायला दोन मिनिटं लागतात. राग खरा असतो. पण त्या दिवशी दोघा-चौघांनी तरी बाजूला उभं राहून वेळ, गाडीचा नंबर, पोलिसाच्या छातीवरची नावाची पट्टी लिहून घ्यावी. दगड कोणी उचलला तर आधी त्याचा हात धरावा, कारण तोच दगड उद्या सगळ्या वस्तीवर केस होऊन पडतो.

आणखी एक. आपलीही पोरं पोलीस भरतीसाठी पहाटे धावतात. ती वर्दी घालतील तेव्हा त्यांनाही हे माहीत असावं. जमावाला आधी पांगायचा हुकूम द्यायचा, मग लागेल तेवढंच बळ वापरायचं. कोठडीतल्या माणसाला मारायचा अधिकार कोणत्याच साहेबाला नाही. हे आपल्या घरातून शिकलेला पोलीस हवा.

शेवटी समितीला विनंती. विहारात एक वही ठेवा. तिच्यात दोन-तीन वकिलांचे नंबर, विधी सेवा समितीचा पत्ता आणि अर्जाचा नमुना लिहून ठेवा. रात्री बारा वाजता एखाद्या आईचं पोरगं उचलून नेलं, तर तिला कुठं जायचं हे ठाऊक असलं पाहिजे. तिच्यासोबत चार शहाणी माणसं ठाण्यापर्यंत चालत गेली पाहिजेत.

जय भीम! जय भारत!