स्वादुपिंडाचा दाह

इंदूर शहरी खान नदीच्या काठी होळकरांचा लालबाग राजवाडा उभा आहे. १८८६ मध्ये आरंभिलेले त्याचे काम १९२१ मध्ये पूर्ण झाले. या वाड्याचा मुदपाकखाना नदीच्या पैलतीरी होता. तेथे सिद्ध झालेले अन्न भुयारी वाटेने वाड्यात येई. चूल एकीकडे आणि पंगत दुसरीकडे!

मनुष्यदेहातही अशीच योजना आहे. जठराच्या पाठीमागे आडवे वसलेले स्वादुपिंड पाचक रस निर्माण करते. त्यांतील प्रथिने पचविणारे रस तेथे निद्रिस्त असतात. नळीवाटे लहान आतड्यात पोहोचल्यावरच ते जागृत होतात. पित्ताशयातील खडा वाटेत अडकला, किंवा मद्याने ग्रंथीस इजा झाली, म्हणजे ट्रिप्सिन हे पाचक द्रव्य स्वस्थानीच जागे होते आणि आपल्या जन्मदात्या ग्रंथीलाच पचवू लागते. प्राग येथील प्राध्यापक हान्स कियारी यांनी १८९६ मध्ये हा स्वयंपचनाचा सिद्धान्त मांडला.

परंतु अनर्थ येथेच थांबतो असे नाही. जखमी पेशींच्या साहाय्यास रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येतात व दाह सुरू होतो. दाह हा वस्तुतः शरीराचा बचाव होय. बहुतेक रोग्यांत तो थोड्या दिवसांत शमतो. काहींच्या बाबतीत मात्र या पेशींनी सोडलेली द्रव्ये सर्वांगी पसरतात. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो, रक्तदाब उतरतो, फुप्फुसे व मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. पहिल्या आठवड्यात रोगी दगावतो तो बहुधा या अनावर दाहामुळे. मृत झालेल्या भागात जंतूंचा शिरकाव होतो तो बहुधा मागाहून. म्हणून आरंभी केवळ खबरदारीसाठी प्रतिजैविके देण्याने लाभ होत नाही. शिरेवाटे बेताने दिलेले द्रव, वेदनाशमन, आणि सोसेल तितक्या लवकर अन्न, हाच उपचाराचा पाया. खड्यामुळे विकार झाला असल्यास पित्ताशयाची शस्त्रक्रियाही योग्य वेळी करावी लागते. या दाहालाच खात्रीने आवर घालील असे औषध अद्याप हाती आलेले नाही.

म्हणूनच वेळेचे मोल मोठे. भरल्या पंगतीनंतर पोटाच्या वरच्या भागी असह्य कळ उठते, ती पाठीत जाते, उलट्या थांबत नाहीत. आणि घरची मंडळी अजीर्ण समजून ओवा व सोडा देत रात्र काढतात. रक्तातील लायपेज या पाचक द्रव्याचे प्रमाण तपासले की निदानास मोठे साहाय्य होते. अशी कळ उठल्यास उजाडण्याची वाट न पाहता रोग्यास रुग्णालयात न्यावे, यातच शहाणपण आहे.